न्यू जर्सीच्या अंगणात कोणती जास्वंद लावावी?

मे उजाडला की इथल्या गार्डन सेंटरमध्ये जास्वंदीच्या कुंड्या मांडल्या जातात आणि आपली पावलं आपोआप तिकडे वळतात. पाटीवर बहुधा नुसतं ‘हिबिस्कस’ लिहिलेलं असतं, म्हणून उचलण्याआधी पान नीट बघा. गडद हिरवं, तुकतुकीत पान असेल तर ती आपल्या गावाकडची, उष्ण हवेतली जास्वंद. पान मोठं, बदामाच्या आकाराचं आणि बिनचकाकीचं असेल तर ती हार्डी, म्हणजे थंडी सोसणारी जास्वंद: हिबिस्कस मॉस्क्यूटॉस किंवा तिचा संकर. फूल गडद पिवळं किंवा केशरी दिसलं तर ती हार्डी नव्हेच. तिच्यात बहुतेक पांढरा, गुलाबी, लाल आणि मधल्या छटाच मिळतात.

हार्डी ही मूळची इथलीच. पूर्व अमेरिकेच्या दलदलीत, खाडीकाठी ती रानात वाढते. हिवाळ्यातल्या थंडीनुसार अमेरिकेचे ‘झोन’ पाडले आहेत, आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त. झोन ५ ची, म्हणजे उणे २० फॅरनहाइटपर्यंतची थंडी ती काढते, आणि न्यू जर्सी बहुतेक झोन ६ आणि ७ मध्ये येतं. कडक दंव पडलं की वरचं सगळं वाळतं, मुळं मात्र जिवंत राहतात. वाळलेल्या काड्या हिवाळाभर तशाच राहू द्या आणि मार्चमध्ये जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून छाटा. हे बुंधे दिसत राहायला हवेत, कारण हिचा कोंब फार उशिरा फुटतो. ट्युलिप होऊन जातात, हायड्रेंजिया पानांनी भरतो, तरी इथे काहीच हालचाल नसते. झाड मेलं असं समजून लोक मेमध्येच ते उपटून टाकतात, याचं फार वाईट वाटतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तरी थांबाच. एकदा फुटलं की ते झपाट्याने वाढतं. उंच जाती उन्हाळ्यात चार-पाच फुटांवर जातात.

जुलै ते सप्टेंबर फुलं येतात, आठ-दहा इंच रुंद. एक फूल एकच दिवस टिकतं, पण कळ्या पाठोपाठ उमलत राहतात. जागा कमी असेल तर ‘लूना’ घ्या, ती तीन फुटांच्या आसपास राहते. गडद लाल हवं असेल तर ‘लॉर्ड बाल्टिमोर’. दोघींनाही निदान सहा तास ऊन आणि भरपूर पाणी लागतं. छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे पडतं ती ओली जागा बाकी झाडांना मानवत नाही, हिला ती फार आवडते.

आपली जास्वंद या हवेत जमिनीत लावू नका, पहिल्याच हिवाळ्यात जाईल. ती कुंडीतच हवी. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जाण्याआधी कुंडी घरात घ्यायची, पण त्याआधी पानांच्या खालच्या बाजू धुवून मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी पाहायची. आत आल्यावर पानं पिवळी पडून गळतात, घाबरू नका. दक्षिणेकडची खिडकी असेल तर तिथे ठेवा. नसेल तर तळघरात, ५०-५५ फॅरनहाइटला, माती जेमतेम ओलसर राहील एवढंच पाणी देऊन झोपवून ठेवा. डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्यांना हा दुसरा मार्ग सोयीचा. जून-जुलैत गेलात तर मात्र कुंडीला रोज पाणी घालणारा शेजारी हवाच.

मग कुंडीचा एवढा खटाटोप कशाला? गणपतीसाठी. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते, तेव्हा हार्डी बहरात असते. अधिक मास आला की ते सप्टेंबरच्या मध्यावर सरकतात, जसे २०२६ मध्ये १४ तारखेला, आणि तोवर हार्डीचा बहर ओसरू लागलेला असतो. त्यात दहा इंचांचं फूल वाहिलं की घरातली छोटी मूर्ती झाकून जाते. रोजच्या पूजेला आपली चार-पाच इंचांची लाल जास्वंदच शोभते. म्हणून माझा कौल असा: अंगणासाठी हार्डी, देवासाठी एक कुंडी. दोन्ही जमणार नसेल आणि हिवाळ्यात कुंड्या आत-बाहेर करायला घरात कोणी नसेल, तर हार्डीच घ्या.

कीड दोघींनाही लागते. हार्डीवर जपानी भुंगेरे येतात, शिवाय हिरव्या बारीक अळ्या पानाची चाळण करतात. या अळ्या सॉफ्लाय नावाच्या माशीसारख्या कीटकाच्या असतात, फुलपाखराच्या नव्हेत, त्यामुळे सुरवंटांवरचं बीटी औषध त्यांच्यावर चालत नाही. सकाळी पान उलटून त्या साबणाच्या पाण्यात झाडून टाकणं उत्तम.

तिसरा पर्याय रोझ ऑफ शॅरनचा, हीही जास्वंदीचीच एक जात. हे आठ-दहा फुटी झुडूप थंडीत तगतं, कुंपणाला छान. फुलं लहान आणि बहुधा जांभळट, गुलाबी किंवा पांढरी. पण साध्या जातींचं बी पडून वाफाभर रोपं उगवतात. घ्यायचंच तर ‘डायना’ किंवा ‘अॅफ्रोडाइट’ घ्या, त्यांना बी फारसं धरत नाही.

हार्डी घ्यायची तर जुलैत, फुलं आल्यावर रंग डोळ्यांनी पाहूनच घ्या आणि ऑगस्टच्या आत जमिनीत लावा, म्हणजे थंडीआधी मुळं धरतील.