श्रीलंकेचे धबधबे, भाड्याची गाडी आणि भूगोलाच्या बाईंची फजिती

कोलंबोच्या एका एजन्सीकडून सहा दिवसांसाठी चालकासह गाडी घेतली होती. दिवसाला 60 डॉलर, त्यात पेट्रोल आणि चालकाच्या राहण्याजेवणाचा खर्च आला. चालकाला पाचपैकी पाच. एजन्सीला दोन, तेही गाडीचा एसी चांगला होता म्हणून.

आम्ही चिपळूणचे. धबधबा म्हटला की आमच्या डोक्यात जुलै-ऑगस्ट, परशुराम घाटातला सवतसडा आणि भिजलेले भाजके कणीस. म्हणून ऑगस्टच मागितला. एजन्सीने आनंदाने यादी पाठवली, वर ‘दियालुमा, 220 मीटर’ ठळक अक्षरांत. पहिल्याच दिवशी चालकाने ती वाचली आणि हसू दाबत म्हणाला, “ऑगस्ट? दियालुमा? वतुर नॅ.” म्हणजे पाणी नाही.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पर्जन्यछायेचा प्रदेश फळ्यावर किती वेळा काढला असेल! नैऋत्येचा पाऊस त्यांच्या पश्चिम उतारावर कोसळतो आणि डोंगर ओलांडून, दियालुमा आहे त्या बदुल्ल्याकडे नुसता कोरडा वारा उतरतो. आपल्याकडे कोकण भिजत असताना माण-खटाव आभाळाकडे बघत बसतं, तसंच. तिकडच्या उवा प्रांताचा चहा जुलै ते सप्टेंबर सगळ्यात चांगला होतो, तो या कोरड्या वाऱ्यामुळेच. चहा पिताना हे आठवलं, तिकीट काढताना नाही. पण एजन्सीला तर रोजचं माहीत असणार ना? एक ओळ लिहायला काय हरकत होती?

कँडीहून नुवारा एलियाला जाताना रंबोडा लागला. 109 मीटर, आणि पाणी भरपूर. चालकाने सांगितलं, “इथे पोटभर बघा, पुढे उपास आहे.” म्हणून यादीतला अर्धा तास सोडून आम्ही दोन तास बसलो.

दुसऱ्या दिवशी तलवाकेलेकडचा सेंट क्लेअर. आमचे हे कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या वीजगृहातून निवृत्त झालेले. सेंट क्लेअरचं पाणी वरच धरणाने अडवून 150 मेगावॅटच्या अप्पर कोटमाले प्रकल्पाला वळवलंय, धबधब्यासाठी म्हणून थोडं सोडतात. मी हळहळत होते, आणि हे कठड्याला टेकून ‘बोगदा कुठून नेला असेल’ ते मला हाताने दाखवत होते. कोयनेच्या माणसाबरोबर धबधबे बघू नयेत. जवळच डेव्हन आहे, 97 मीटरचा. तो रस्त्यावरूनच बघून घेतला.

एल्लाजवळचा रावण एल्ला वेलावायाच्या रस्त्याला अगदी लागून आहे. (सिंहलीत ‘एल्ला’ म्हणजेच धबधबा.) उंची जेमतेम 25 मीटर, गर्दी मात्र सगळ्यात जास्त. सीतेला रावणाने इथल्या गुहेत लपवलं होतं म्हणतात. फोटोसाठी ओल्या दगडांवर चढणाऱ्या पोरांना मी शाळेतल्या आवाजात खाली उतरवलं. कळलं की नाही माहीत नाही, पण उतरली.

आणि मग तो दियालुमा. खालून, कोसलंदाच्या रस्त्यावरून पाहिला तेव्हा कातळावरून पांढरा दोरा सोडल्यासारखा. एजन्सीच्या यादीत इथे ‘फोटो, 20 मिनिटे’ एवढंच. चालक म्हणाला, वर चला. वाट सांगायला त्याने गावातला एक मुलगा मिळवून दिला. उन्हात पाऊण तास गवतातून चालल्यावर कड्याच्या अलीकडे एकाखाली एक डोह लागले. पाणी कमी, म्हणून ओढ नाही. मी बासष्टाव्या वर्षी पंजाबी ड्रेससकट कमरेएवढ्या पाण्यात बसले. कड्याच्या टोकाकडे मात्र जाऊ नका. तिथे ना कठडा, ना दोर. एकालाही जळू लागली नाही, हा कोरड्या ऋतूचा आणखी एक फायदा.

देशातला सगळ्यात उंच बंबरकंडा, 263 मीटर, शेवटच्या दिवशी. कलुपहनाहून आत वळणारा रस्ता अरुंद, त्यामुळे चालकाने मोठी गाडी खालीच ठेवून टुकटुक ठरवून दिली. भाव त्यानेच केला. पाइनच्या झाडांतून वर गेलो, मान दुखेपर्यंत बघितलं. पाणी इथेही बेताचंच.

ज्यांना ही पूर्वेकडची मंडळी भरलेली बघायची आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावं. गाडी घेताना चालक मध्य डोंगराळ भागातला आहे का, एवढं विचारून घ्या. एजन्सीला मी पाण्याबद्दल मेल लिहिला, उत्तरात पुढच्या वर्षीची सवलत आली.

परतताना रत्नपुरापाशी असा पाऊस लागला की वायपर पुरेना. रस्त्याकडेच्या प्रत्येक कातळावरून ओहोळ उड्या मारत होते. यादीत त्यांतला एकही नव्हता. हे म्हणाले, “परशुराम घाटच की गं.” चालकाने गाडी बाजूला घेतली आणि कुठूनतरी उकडलेली कणसं आणली.