डेटा ठेवायचा कुठे? 'मागितल्यास देऊ', गिटहब, झेनोडो की सॉफ्टवेअर हेरिटेज

नागपुरात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर एम.टेक. किंवा पीएच.डी. करणारी मुलं पेपर पाठवायच्या आठवड्यात मला एकच प्रश्न विचारतात: पेपरामागचा डेटा आणि कोड ठेवायचा कुठे? माझं उत्तर आधीच सांगते: रोजचं काम गिटहबवर (कोड ठेवायची, बदलांची नोंद राखणारी साईट), कायमची प्रत झेनोडोवर (संशोधनाच्या फाईली जपणारा संग्रह), आणि पेपरात 'डेटा मागितल्यास उपलब्ध' ही ओळ कधीच लिहायची नाही.

ती ओळ का नको, ते मी जवळून पाहिलंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरांमध्ये शिरलं. माझ्या मैत्रिणीचं घर तळमजल्यावर. तिने एकेक वाचून, हाताने वर्गवारी केलेले बग रिपोर्ट (सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या नोंदी) एकाच हार्ड डिस्कवर होते, आणि ती डिस्क दिवाणाच्या खणात. चिखल पुसला, पंख्याखाली चार दिवस ठेवली, पण डिस्क काही सुरू झाली नाही. पेपरात मात्र ती ओळ छापलेली आहे. पुढे एका संशोधकाने खरंच डेटा मागितला, तेव्हा त्याला काय लिहायचं हे ठरवायला आम्हा दोघींना एक आख्खी संध्याकाळ लागली.

गिटहब रोजच्या कामाला उत्तमच. पण तिथली मुख्य शाखा (कोडची चालू प्रत) पुढे सरकत राहते, त्यामुळे पेपरातले आकडे नेमक्या कुठल्या कमिटवरून (नोंदवलेल्या बदलावरून) आले ते वर्षभराने तुम्हालाही आठवत नाही. रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचं तिथलं फोल्डर, पुसली जाऊ शकते. १०० एमबीपेक्षा मोठी फाईल साध्या पद्धतीने चढत नाही. शिवाय ही कंपन्यांची ठिकाणं: गूगल कोड २०१६ मध्ये बंद झालं, बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअलच्या (आवृत्त्या सांभाळायची एक प्रणाली) रिपॉझिटरी काढून टाकल्या. त्या काळच्या पेपरांतल्या लिंक आज उघडून बघा.

झेनोडो युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेकडून चालवलं जातं, २०१३ पासून. मोफत आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा मिळते. गिटहब खातं जोडलं की तिकडे रिलीज (ठरावीक आवृत्ती) काढताच इकडे प्रत जमा होते. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय (न बदलणारा ओळख-क्रमांक), आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून आणखी एक. पेपरात स्वतंत्र डीओआय द्या, कारण वाचकाला तुम्ही वापरलेलीच प्रत हवी असते. एक काळजी मात्र घ्या: सर्वेक्षणातली नावं, ईमेल आधीच काढून टाका. एकदा प्रकाशित झालेलं मागे घेणं सोपं नाही.

सॉफ्टवेअर हेरिटेज हा फ्रान्सच्या इन्रिया या संगणक-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला, फक्त सोर्स कोडचा संग्रह. डेटासाठी त्याचा उपयोग नाही. पण तुम्ही ज्या प्रकल्पांचा अभ्यास केला त्यांचा कोड तुमच्या मालकीचा नसतो, आणि तो उद्या नाहीसा झाला तर? तो तिथे जतन करून घ्या.

एवढी उठाठेव कशासाठी, याचं उत्तर एका गाजलेल्या पेपरात आहे. २०१४ मध्ये ७२९ गिटहब प्रकल्पांवरून प्रोग्रामिंग भाषा आणि दोष यांचा संबंध मांडला गेला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तेच विश्लेषण पुन्हा केलं, तेव्हा टाईपस्क्रिप्टच्या नावावर २०१२ च्या आधीचे कमिट सापडले. भाषाच २०१२ मध्ये आली! टाईपस्क्रिप्टसारखाच 'डॉट टीएस' शेवट असलेल्या त्या फाईली मुळात भाषांतराच्या होत्या. अशा दुरुस्त्या केल्यावर आधी दोषांशी संबंध दिसलेल्या ११ भाषांपैकी चारच भाषांचा संबंध टिकला, तोही अगदी क्षीण. हे उघडकीला आलं, कारण मूळ लेखकांनी आपला डेटा आणि स्क्रिप्ट दिल्या. म्हणजे मागितल्यावर मिळतोही, पण आमच्या मैत्रिणीसारखी वेळ कुणावरही येऊ शकते.

आता दुसरी निवड, दुसऱ्याला तुमचा कोड तसाच चालवता यावा म्हणून: वापरलेल्या पॅकेजच्या (तयार कोडच्या) आवृत्त्यांची यादी की डॉकर (प्रोग्रॅमला लागणारं सगळं एकत्र बांधणारं साधन)? २०१९ च्या एका अभ्यासात गिटहबवरची ज्युपिटर नोटबुक (कोड आणि त्याचे निकाल एकत्र असलेल्या फाईली) पुन्हा चालवली गेली; साधारण २४ टक्के विनाचूक चालली आणि जेमतेम चार टक्क्यांत तोच निकाल आला. तुमचं काम पायथॉनच्या दोन-चार स्क्रिप्टपुरतं असेल तर प्रत्येक पॅकेजचा नेमका आवृत्ती-क्रमांक लिहिलेली यादी पुरे. ती माणसाला वाचताही येते. जावा, कंपायलर, डेटाबेस असं बरंच काही लागत असेल तर डॉकर घ्या, मात्र नुसती डॉकरफाईल (बांधणीची कृती) देऊ नका. ती बांधताना नेटवरून सामान ओढते आणि 'लेटेस्ट' म्हणजे काय ते दर महिन्याला बदलतं. बांधून तयार झालेला गठ्ठा, म्हणजे इमेजच, झेनोडोवर चढवा.

चढवण्याआधी होस्टेलमधल्या एखादीला फक्त रीडमी (वापराच्या सूचनांची फाईल) देऊन तिच्या लॅपटॉपवर चालवायला सांगा. शेजारी बसा, बोलू नका. ती जिथे अडेल ते लिहून घ्या. पेपरची मुदत आज रात्रीची असेल तरी हरकत नाही, झेनोडोवर डीओआय आधी राखून ठेवता येतो. तो पेपरात टाका, आणि फाईली नीट तपासून मग प्रकाशित करा.