ब्रेक पॅडच्या खोक्यावरचा कोड स्कॅन केला, हिरवी टिक आली, तरी माल डुप्लिकेटच

आधीच सांगून टाकतो, 'स्वस्ताच्या मागे लागला म्हणून फसला' हे ऐकून माझे कान किटलेत, तेवढं ज्ञान सोडून बाकी काहीही बोला. सर्व्हिस सेंटरने पुढच्या दोन चाकांच्या पॅड सेटचे ३,८५० आणि लेबरचे ९०० असे ४,७५० सांगितले होते. बाहेर नावाजलेल्या कंपनीचा, माझ्याच गाडीच्या पार्ट नंबरचा सेट २,१५० ला मिळत होता. यात शंका घेण्यासारखं काय होतं? गाडीच्या कंपनीचा लोगो असलेल्या खोक्याचे पैसे जास्तच लागतात, आणि पॅड बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या नावाने बाहेर कमी भावात विकतात, हे सगळ्यांनाच माहितीये. आणि मी काही पथारीवरून उचलले नाहीत. काचेचं शोकेस, एसी, भिंतभर कंपनीचं पोस्टर असलेलं दुकान होतं.

तरी मी विचारलंच, ओरिजिनल आहेत ना. तर तो म्हणतो, "साहेब, मी सांगतो म्हणून घेऊच नका, खोक्यावरचा कोड स्कॅन करा."

इथेच. इथेच खरं तर डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. स्कॅन केलं, कंपनीचा लोगो, हिरवी टिक, खाली 'अस्सल उत्पादन', बस. ना काही खरवडून आतला नंबर टाकायला सांगितला, ना बॅच नंबर दाखवला, ना हा कोड आधी कोणी स्कॅन केलाय का ते. आणि वर जो वेबसाइटचा पत्ता होता त्यात कंपनीच्या नावाच्या मधोमध एक आडवी रेघ आणि पुढे भलतंच शेपूट, हे मी नंतर फोनच्या हिस्टरीत जाऊन पाहिलं. कोड त्यांनीच छापलेला, पानही त्यांनीच बनवलेलं, मग टिक हिरवी येणार नाही तर काय लाल येणार? पण मला एक सांगा, काउंटरवर मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना तो पत्ता अक्षर अक्षर लावून कोण वाचतं? कंपनीनेच गेली काही वर्षं 'स्कॅन करा, निश्चिंत व्हा' असं शिकवलंय ना लोकांना? तेच केलं मी. (पडताळणी करायचीच तर कंपनीचं अॅप किंवा वेबसाइट स्वतः शोधून उघडा आणि तिथून स्कॅन करा, खोक्यावरचा कोड जिथे नेईल तिथे जाऊ नका.)

बिल मागितलं तर म्हणे पक्कं केलं तर वर टॅक्स लागेल, आणि 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी दिली. हे साफ खोटं असतं, एमआरपीत सगळे टॅक्स धरलेलेच असतात. यूपीआय केलं तेव्हा समोर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुणातरी माणसाचं होतं.

बसवताना मेकॅनिकने एक पॅड हातात घेऊन जरा तोलल्यासारखा केला, म्हणाला हे हलके वाटतायत आणि पाठीला शिमपण (पाठीवरचा पातळ पत्रा) नाही. लगेच दुकानदाराला फोन लावला, तो म्हणे नवीन लॉट आहे, अॅस्बेस्टॉस फ्री, म्हणून हलके. मेकॅनिक गप्प बसला आणि मीही. अरे अॅस्बेस्टॉस नसलेले पॅड कधीपासूनच येतायत, त्यात नवीन लॉट कसला डोंबलाचा! पण माणूस इतक्या आत्मविश्वासाने बोलत होता की झालं. ४०० लेबर दिलं आणि गाडी घेऊन निघालो.

पुढे घाट उतरताना जळका वास यायला लागला, पेडल नेहमीसारखंच कडक, पण पाय दाबतोय दाबतोय आणि गाडी काही हवी तशी थांबेना. खालच्या गिअरवर कशीबशी उतरवली, बायको-मुलं गाडीत होती, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. चाक काढल्यावर बघितलं तर एका पॅडचा अर्धा मसाला (डिस्कवर घासून गाडी थांबवतो तो थर) बॅक प्लेटवरून, म्हणजे मागच्या लोखंडी पत्र्यावरून, सुटून पडलेला आणि उघडी प्लेट डिस्कवर घासत होती. जिथून मसाला निघाला तिथे गोंदाचे चार-पाच पिवळट ठिपके, बाकी गुळगुळीत पत्रा. बऱ्याच चांगल्या पॅडच्या प्लेटला भोकं नाहीतर हुकासारखे आकडे असतात, मसाला त्यात घट्ट धरून राहतो. पॅड झिजला की किंचाळणारी ती पत्र्याची पट्टीसुद्धा नव्हती, म्हणजे आवाजाने कळायचाही मार्ग नाही. नखाने प्लेटचा काळा रंग खरवडला तर खाली जुना गंज! कुठल्यातरी भंगारातल्या प्लेटा रंगवून परत विकल्या होत्या.

डिस्कवर इतके खोल चरे की टर्निंग करून (लेथवर घासून सपाट करून) भागणार नव्हतं. दोन डिस्कचे ५,८००, नवे पॅड ३,२००, लेबर १,१००. आधीचे २,५५० धरले तर एकूण १२,६५०.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, "अॅक्सिडेंट झाला का?" नाही. "कोणाला लागलं का?" नाही. "मग तक्रार कशाची?" म्हणजे मी आधी दरीत जायला पाहिजे होतं बहुतेक. मग म्हणे नकली मालाची तक्रार कंपनीने द्यायची असते. कंपनीच्या कस्टमर केअरची बाई गोड आवाजात म्हणते, हा बॅच नंबर आमच्या सिस्टीममध्ये नाही, त्यामुळे प्रॉडक्ट आमचं नाही, त्यामुळे कंप्लेंट रजिस्टर होत नाही. अगं बाई, तुमचा नाही हीच तर तक्रार आहे! खोट्या वेबसाइटचं सांगायला गेलो तर तिथला साहेब म्हणे पैसे तुम्ही स्वतः दिलेत, वस्तू मिळालीये, हा ऑनलाइन फ्रॉड होत नाही, ही खरेदी आहे. दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात खोकं घेऊन गेलो, कारण त्यावर एमआरपी होती पण कुठल्या महिन्यात बनवलं ते नाही आणि तक्रारीचा फोन नंबरही नाही, आणि २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमात हे छापणं सक्तीचं आहे. तर म्हणे सील तुम्ही फोडलंय, न फोडलेलं आणा. म्हणजे मी परत २,१५० घालून दुसरा डुप्लिकेट सेट विकत आणायचा! नुसतं या टेबलावरून त्या टेबलावर.

दुकानदार तर बोलायलाच तयार नाही, "तुम्ही दुसरीकडून आणून बदलले असतील." चिठ्ठीवर दुकानाचा शिक्काही नव्हता ना.

पॅडच्या कडेला एफएफ वगैरे दोन अक्षरं असतात, पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. अक्षरं नसतील तर घेऊच नका, पण असली म्हणूनही विश्वास ठेवू नका, छापायला काय जातंय, माझ्या पॅडवर पण होती. शिम, भोकं, पट्टी हे हाताने बघा. जुना पॅड सोबत नेऊन शेजारी धरा, वजनातला फरक हाताला कळतो. मेकॅनिक कुरकुरला तर दुकानदाराला फोन लावू नका, पॅड परत न्या. ऑनलाइन घेतले असतील तर त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. निदान तुमच्याकडे ऑर्डर नंबर तरी असतो.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत करावा लागतो. यूपीआयचा स्क्रीनशॉट, चिठ्ठी, खोकं, सुटलेला मसाला पिशवीत घालून ठेवलाय. मेकॅनिककडून लेखी घ्यायला गेलो तर तो आधी कां कूं करत होता, त्याच दुकानातून त्याचाही माल येतो म्हणे. शेवटी दिलं लिहून, पण सही घेताना स्वतःच्या गाळ्यातल्या फळीवरचे तीन सेट त्याने माझ्यासमोर खाली काढले आणि नखाने रंग खरवडून बघायला लागला. दोन तसलेच निघाले.