पोराची स्लीप स्टडी: घरी मशीन लावायची की नागपूरला रात्र काढायची?

आम्ही दोन्ही केलं म्हणून लिहून राहिले. आधी घरी मशीन लावली आणि दीड महिन्यानं नागपूरच्या स्लीप लॅबमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या झोप तपासायच्या खोलीत, जावंच लागलं. पोरगा सहा वर्षांचा, टॉन्सिल वाढलेले, रात्रभर तोंड उघडं ठेवून घोरायचा आणि मधेच श्वास थांबल्यासारखा व्हायचा, मग एकदम दचकून श्वास ओढायचा. ईएनटीवाले (कान-नाक-घशाचे) डॉक्टर म्हणाले स्लीप स्टडी करा, म्हणजे पोरगं झोपलेलं असताना रात्रभर श्वासाची न् झोपेची मशीननं नोंद. आम्हाला वाटलं एवढ्या लहान पोराला दवाखान्यात झोपवायचं कशाला, घरी होते तर घरीच करू.

घरच्या मशीनचं सांगते. संध्याकाळी माणूस आला, बोटाला क्लिप, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, कसं लावायचं ते दाखवलं आणि गेला. नंतर सगळं आपल्या अंगावर. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळे एकाच खोलीत कूलरसमोर झोपतात, रात्री लाईन गेली, पोरगा घामाघूम झाला, लाथा झाडल्या आणि क्लिप गादीखाली गेली. मला पहाटे दिसली. रिपोर्टमध्ये जेमतेम तीन तास वाचण्यासारखे, म्हणजे पैसे गेले आणि रात्रही.

क्लिप निसटली नसती तरी अडचण होतीच. घरच्या साध्या मशीनला डोक्याच्या वायरी नसतात, म्हणून पोरगं झोपलंय की नुसतं पडून आहे हे तिला कळतच नाही. श्वास थांबल्याचा आकडा ती रेकॉर्डिंगच्या सगळ्या तासांवर भागते आणि त्रास आहे त्यापेक्षा कमी दिसतो. बऱ्याच लेकरांचा ऑक्सिजन फार खाली जात नाही, पण झोप सारखी मोडत असते, तेही तिला दिसत नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2017 मध्येच सांगितलंय की मुलांच्या स्लीप अॅप्नियाच्या (झोपेत श्वास अडण्याच्या त्रासाच्या) निदानासाठी घरची टेस्ट वापरू नका. मोठ्या माणसाला चालते ती वेगळी गोष्ट. लॅब जवळ नसेल तर काही डॉक्टर रात्रभराची ऑक्सिमीटरची नोंद बघतात. ती खराब आली तर उपयोगी आहे, पण चांगली आली म्हणून पोराला काही नाही असं समजून गप्प बसू नका.

लॅबमध्ये डोकं, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती, पाय सगळीकडं वायरी, छाती-पोटाला पट्टे आणि अंधारात दिसणारा कॅमेरा. ऐकूनच जीव घाबरतो. पण बाजूच्या खोलीत टेक्निशियन रात्रभर जागा असतो, क्लिप निघाली की येऊन लावतो, आमच्याकडं दोनदा आला आणि पोराला पत्ताही नाही. खर्च जास्त, वरून जाणं-येणं. तरी एकदाच होते. जायच्या आधी फोनवर एक गोष्ट नक्की विचारा, रिपोर्ट लहान मुलांच्या नियमानं काढता का. मोठ्या माणसात तासाला 5 च्या खाली श्वास अडला तर नॉर्मल धरतात, लेकरात 1 च्या वर गेलं तरी लक्ष द्यावं लागतं.

आणि पोराला सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल, आपल्याकडं गावोगावी आहे, किंवा डाऊन सिंड्रोम असेल, वजन फार जास्त असेल, वय दोनच्या आत असेल, तर घरच्या मशीनचा विचारच सोडा. अशा लेकरांची टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी लॅबमधली स्टडी करा असं अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या गाईडलाइनमध्ये आहे.

राहिली भीती. आमची भीती आठ दिवसांच्या तयारीत गेली. रोज झोपताना ओढणी छातीला बांधायची, बोटाला कपड्याचा चिमटा हलकाच, कपाळावर चिकटपट्टी, आधी आजोबांना लावली मग त्याला. पहिल्या दिवशी "आई, काढ ना वं हे" म्हणत रडला, चौथ्या दिवशी स्वतःच आजोबांच्या कपाळाला पट्टी लावून राहिला. सुई नाही हे शंभरदा सांगा, कारण पोरांना दवाखाना म्हणजे सुईच वाटते. सासूबाईंना वेगळीच काळजी, "त्या वायरीनं करंट लागन का वं पोराले?" नाही लागत, त्या वायरी फक्त अंगातून नोंद घेतात, अंगात काही सोडत नाहीत. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर तेच पोराला घाबरवतात.

त्या दिवशी डोक्याला तेल अजिबात नाही. आमच्याकडं आजीनं सवयीनं सकाळी चोपडलंच होतं, मग नागपूरला नातेवाइकांकडं दोनदा शाम्पू केला तेव्हा निघालं. तेल असलं की वायरी धरतच नाहीत. पोरीची वेणी असेल तर सोडून न्या, नेलपॉलिश काढा. दुपारनंतर चहा, कोला, चॉकलेट बंद, आमचा पोरगा चहाशिवाय राहत नाही म्हणून त्याला नुसतं दूध दिलं. दुपारी झोपू देऊ नका, एसटीत तर मुळीच नाही. बटणाचा सैल शर्ट-पँट घाला, घरची गोधडी न्या, तिच्या वासानं लेकरू लवकर झोपते. रोजचं औषध आपल्या मनानं बंद करू नका. सर्दी-ताप आला तर फोन करून तारीख पुढं ढकला, नाक बंद असताना रिपोर्ट खरा येत नाही. आणि कापूस वेचणीच्या दिवसांतली तारीख घेऊ नका, जीव शेतात राहतो आणि पोराजवळ कोणीतरी एक जण रात्रभर लागतोच.

तोवर घरी मोबाईलमध्ये दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, पोरगं झोपलेलं, शर्ट वर केलेला, छाती-पोट दिसलं पाहिजे आणि आवाज आला पाहिजे. आमच्या डॉक्टरांनी तो बघूनच मान हलवली होती.

सकाळी सहाला वायरी निघतात. केसांतली पेस्ट कोमट पाण्यानं जाते, त्या दिवशी शाळेत पाठवू नका, परतीच्या एसटीत आमचा घरापर्यंत मांडीवरच झोपून आला.