ऊस तुटलेल्या रानात आरसी ट्रक: शॉक, स्प्रिंग आणि ऑइलचा आठ महिन्यांचा अनुभव

आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारा छोटा ट्रक घेतला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सस्पेन्शन मऊ ठेवू की कडक? दिवाळीपासून आता पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कोल्हापूरच्या आसपास गाडी पळवून माझं मत पक्कं झालंय, की आपल्या जमिनीवर त्याच्याही आधी चाक खड्ड्यात किती खाली उतरतं ते बघावं. चाक वर किती दबतं हे सगळे हातानं दाबून बघतात. खाली किती जातं ते फारसं कुणी मोजत नाही.

माझी गाडी 1:10 स्केलची, टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स, म्हणजे रुंद बॉडीच्या शर्यतीच्या ट्रकची छोटी प्रतिकृती. 2008 मध्ये ट्रॅक्ससचा स्लॅश आला आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. मूळचे प्लॅस्टिकचे शॉक (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढून मी अ‍ॅल्युमिनियम बॉडीचे, आटे असलेले ऑइल शॉक बसवले. आट्यांमुळं स्प्रिंगवरची कॉलर अर्धा फेरा फिरवूनसुद्धा उंची बारीक जुळवता येते, क्लिपा घालत-काढत बसावं लागत नाही. हा फायदा खरा आहे. पण नुसत्या अ‍ॅल्युमिनियमनं गाडी चांगली पळायला लागत नाही, त्यामुळं बजेट कमी असेल तर आधी ऑइलच्या दोन-तीन बाटल्या घ्या.

गाडी पळते कुठं, तर कळंबा तलावाच्या बाजूच्या मुरमावर आणि ऊस तुटून गेलेल्या रानात. खरी परीक्षा रानात होते. सरी-वरंबे ठरावीक अंतरावर असतात, मध्ये बुडखे. सरीला आडवी गाडी घातली की एका विशिष्ट वेगाला ती लयीत उड्या मारायला लागते आणि तिसऱ्या-चौथ्या वरंब्यावर आडवी होते. अशा वेळी लोक कडक स्प्रिंग टाकतात. त्यानं उड्या वाढतात, कारण स्प्रिंग दाबली गेली की तेवढ्याच जोरानं परत उसळते. ती उसळी जिरवायचं काम शॉकमधल्या ऑइलचं. म्हणून उसळीचा इलाज ऑइलमध्ये शोधावा आणि गाडीची उंची तेवढी स्प्रिंगवर सोपवावी.

कशालाही हात लावायच्या आधी शॉकचं खालचं टोक सोडा आणि आर्म, म्हणजे चाक धरणारा हात, वर उचलून सोडून द्या. तो स्वतःच्या वजनानं खाली पडला पाहिजे. अडखळत असेल तर पिन वाकलीय किंवा धूळ भरलीय, आणि तोवर वरचं कुठलंही सेटिंग खोटं दाखवणार.

मग बॅटरी आत घालून गाडी सपाट फरशीवर वीतभर उंचीवरून सोडा. जिथं बसते ती तिची खरी उंची. एकूण ट्रॅव्हलचा (चाकाच्या वर-खाली हालचालीचा) साधारण तिसरा भाग इथं खर्च झालेला असावा, म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा उरते. हे न सांभाळता कॉलर घट्ट करत नेली तर गाडी उंच दिसते, ऐटदार दिसते, पण सरीत चाकं हवेत लोंबकळतात आणि स्टिअरिंगचा पत्ता लागत नाही. माझ्या पुढच्या शॉकमध्ये पिस्टनखाली (दांड्याला लावलेली, ऑइलमधून सरकणारी भोकांची चकती) जाड स्पेसर होता, तो चाकाला खाली जाऊ देत नव्हता. उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या मामांकडून नायलॉनचे पातळ स्पेसर करून घेतले. मी पितळी म्हणत होतो, तर ते म्हणाले, "पितळ नको, दांड्याला चरे पाडंल." त्यांचं ऐकलं ते बरं झालं. आपल्या गावात ही एक मोठी सोय आहे, चार मिलिमीटरची वस्तूसुद्धा लोक मन लावून करून देतात. मागच्या बाजूला मात्र ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर लक्ष ठेवा. चाक प्रमाणाबाहेर खाली गेलं की शाफ्ट टोकाच्या वाटीत (कपमध्ये) अडकतो, नाहीतर निसटतो.

आता ऑइल. बाटलीवरच्या 'वेट'च्या आकड्यावर विसंबू नका, एका कंपनीचं 30 दुसरीच्या 30 शी जुळेलच असं नाही. सेंटिस्टोक्सचा, म्हणजे दाटपणा मोजणारा आकडा बघा. माझ्याकडं सध्या पुढं 500 आणि मागं 400 आहे. मोटरसायकलच्या फोर्कचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून घालणारे आहेत, पण ते उन्हात सिलिकॉन ऑइलपेक्षा फार पातळ होतं. एप्रिलच्या दुपारी हा फरक हाताला कळतो.

ऑइलइतकाच पिस्टन महत्त्वाचा. भोकं कमी असली की अचानक जोराचा धक्का बसल्यावर ऑइलला पळायला वाट मिळत नाही, आणि शॉक क्षणभर गोठल्यासारखा होतो. मोठ्या उडीवरून उतरताना हे उपयोगी, गाडीचं पोट आपटत नाही. पण सरीत तेच नडतं, प्रत्येक वरंबा चेसिसला थेट धक्का देतो. म्हणून रानासाठी दोन भोकांऐवजी तीन भोकांचा पिस्टन आणि त्याला जोडून दाट ऑइल. गाडी एवढी निवांत चालायला लागली, की बघणाऱ्या पोरांनी "नाद खुळा" म्हणून शिट्ट्या मारल्या. सगळ्या बदलांत मला सर्वांत जास्त आवडलेला हाच.

टू-एस (दोन सेलची) काढून थ्री-एस (तीन सेलची) लायपो बॅटरी घातली की वजन वाढतं, तेव्हा मागची कॉलर परत जुळवायची. अँटी-रोल बार डांबरी मैदानात छान, रानात काढून टाका. तो दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना बांधतो, एक खड्ड्यात गेलं की दुसरंही ओढलं जातं. उडीत नाक वर जात असेल तर शॉकच्या मागं लागण्याआधी बॉडी बघा. शॉर्ट कोर्सच्या रुंद बॉडीखाली हवा कोंडते, मागच्या भागात भोकं पाडली की बराच फरक पडतो.

टिकाऊपणाबद्दल समाधान आहे, एक गोष्ट सोडून. मुरमाची बारीक धूळ ओल्या दांड्याला चिकटते आणि सील खाते. दांड्यावर रबरी बूट (आवरण) घातल्यापासून गळती थांबलीय. ऑइल करडं दिसलं की बदला. नवीन भरल्यावर पिस्टन सावकाश वर-खाली करा आणि बुडबुडे निघेपर्यंत शॉक उभे ठेवून द्या, मगच टोपण लावा. डाव्या-उजव्या शॉकचा दांडा दाबून सोडला की दोन्ही सारखेच वर आले पाहिजेत. एक मागं राहिला तर तो उघडून परत भरा.