फायनल इयर प्रोजेक्टसाठी बाहेरची मदत: व्हॉट्सअॅप, लिंक्डइन की फेसबुक ग्रुप?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत खऱ्या अडचणी पडून असतात आणि इकडे पुण्यातल्या कॉलेजात अनेकदा जुन्या रिपोर्टातलाच विषय पुन्हा फिरतो. अमेरिकन अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी २००३ साली मांडलेल्या 'ओपन इनोव्हेशन'चा गाभा असा, की कल्पना बाहेरूनही आत आल्या पाहिजेत. त्यासाठी कुठला सोशल मीडिया निवडायचा, हे आधी समोर कोण हवंय त्यावर ठरवा.

छोटा वर्कशॉपवाला हवा असेल तर व्हॉट्सअॅपला पर्याय नाही. चालू मशीनचा व्हिडिओ काढून तो पाठवेल, लेखी समस्या-विधान कधीच देणार नाही. पण तिथली चर्चा वाहून जाते. पुढच्या वर्षीच्या बॅचला काहीच सापडत नाही, म्हणून कुणीतरी दर आठवड्याला नोंद काढून ठेवलीच पाहिजे.

लिंक्डइनवर मोठ्या कंपन्यांतले इंजिनिअर आणि माजी विद्यार्थी भेटतात. मार्गदर्शक शोधायला उत्तम. मात्र तिथे अभिनंदनाच्या कमेंट फार आणि नेमके प्रश्न कमी. महिनोन्‌महिने चालणारं काम तिथे होत नाही.

अशा कामासाठी मी फेसबुक ग्रुपच्याच बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे 'रॅड अॅट होम' हा खगोलशास्त्राचा उपक्रम. २०१३ साली सुरू झालेल्या या उपक्रमात देशभरातले विद्यार्थी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रतिमा तपासतात, वेगळं काही दिसलं की फेसबुक ग्रुपवर मांडतात आणि शास्त्रज्ञ त्यावर बोलतात. त्यातून खरे शोधनिबंध निघाले. हे निव्वळ फेसबुकमुळे झालं नाही. आधी प्रशिक्षण दिलं गेलं आणि प्रश्नाला जाणकार माणूस उत्तर देत राहिला, म्हणून झालं. तुमची मुलं फेसबुकवर नसतील तर डिस्कॉर्ड हे चॅट अॅप घ्या, तिथे विषयवार चर्चा वेगळी राहते. पण उत्तर देणारे सर किंवा मॅडम आधी नक्की करा. तेवढा वेळ कुणाकडेच नसेल तर ग्रुप काढूच नका.

पेटंटचा विचार असेल तर तिन्हीकडे सावध राहा. जाहीर पोस्टमध्ये युक्ती उघड झाली की पेटंटला लागणारं तिचं नावीन्य धोक्यात येतं, आणि आधीच उघड झालेल्या युक्तीला भारतीय कायद्यात मिळणारी सवलत फार मोजक्या प्रसंगांपुरती आहे. अडचण खुशाल जाहीर मांडा. उपायाचा तपशील मात्र पेटंटचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज भरल्यावरच टाका. त्यानंतर पूर्ण तपशील दाखल करायला १२ महिने मिळतात.