साप चावलेल्या भाच्यासाठी गाठलेलं आमचं ग्रामीण रुग्णालय

सिंधुदुर्गातल्या आमच्या काजूच्या बागेत गडग्याचे दगड उचलताना आठ वर्षांच्या भाच्याच्या हाताला फुरसं चावलं. एवढंसं जनावर, त्यामुळे ‘गावठी औषध लावा, काही होत नाही’ म्हणणारे लगेच जमले. आम्ही १०८ला फोन लावला. हात बांधला नाही, कापला नाही, हलू दिला नाही.

पोचलो तेव्हा रात्र झालेली, लॅब बंद. तरीही ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी जे केलं, त्यासाठी हे लिहितोय. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी उभी ठेवली. २० मिनिटं कुणाला तिला हात लावू दिला नाही. मग नळी आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. एव्हाना ते गोठायला हवं होतं. पोरगं नीट बोलत होतं, सूजही फार नव्हती. फक्त सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपायचं थांबत नव्हतं. फुरशाच्या विषाने रक्त गोठवणारे घटकच संपून जातात, मग हिरड्यांतून, लघवीतून, अगदी मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो, हे मॅडमनी बहिणीला शांतपणे समजावलं.

सर्पदंशाची लस लगेच सलाईनमधून सुरू झाली. १० व्हायल म्हटल्यावर मी चरकलो. मॅडम म्हणाल्या, “साप लहान मूल बघून विष कमी सोडत नाही, मामा. डोस मोठ्यांएवढाच.” ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन आधीच भरून ठेवलेलं. पोराच्या अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली, तेव्हा सिस्टर धावल्याच. सहा तासांनी पुन्हा नळी. रक्त अजून पातळ, म्हणून पुन्हा लस. त्याच्या पुढच्या नळीत रक्ताची घट्ट गुठळी दिसली आणि बहीण पहिल्यांदा खाली बसली.

लसीचे पैसे लागले नाहीत. संडास मात्र घाण, आणि सोबतच्या माणसाला टेकायलाही जागा नाही; याकडे कुणीतरी लक्ष द्यायलाच हवं. तरी पोराला घेऊन मी पुन्हा इथेच येईन, ती नळी आणि ती माणसं आहेत म्हणून. घरी सोडताना मॅडमनी बजावलंय: पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, सांधे दुखले किंवा अंगावर पुरळ उठलं, तर लगेच दाखवायला आणा.